भाऊ गेला घाटावर, नोटीस राहिली खाली कोकणात

(वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं)

गणपतीनंतर दरवर्षी माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो, कारण चाकरमानी गावी येतात, कपाटातले जुने कागद बाहेर निघतात आणि मग कळतं की अमक्या दाव्याचं काहीतरी होऊन गेलंय. यंदा त्यातली चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. घरचं माणूस जेलमध्ये, त्याचा दिवाणी दावा बाहेर चालू आणि कोर्टाला माणूस नेमका कुठे आहे तेच माहीत नाही. म्हणून या वेळी हा एकच विषय घेतलाय, तोही जरा सविस्तर.

प्रश्न : ताई, मी गुहागर तालुक्यातला. आमच्या चुलत्यांनी धाकट्या भावाच्या नावावरची आंब्याची बाग अडवली म्हणून त्याने कब्जा परत मिळावा असा दावा लावला होता. नंतर तो एका केसमध्ये आत गेला. आधी इथल्याच जेलमध्ये कच्चा कैदी होता तेव्हा वकिलांनी कोर्टात जेलचा पत्ता दिला. शिक्षा लागल्यावर त्याला घाटावरच्या सेंट्रल जेलमध्ये नेलं. मधल्या काळात वकील आजारी पडले, त्यांनी वकीलपत्र काढून घेतलं. कोर्टाची नोटीस जुन्या जेलवर गेली ती परत आली आणि जानेवारीत दावा काढून टाकला. आम्हाला हे आत्ता गणपतीत कळलं, सात महिन्यांनी. भाऊ म्हणतो, मी सरकारच्याच ताब्यात होतो, सरकारलाच माहीत नाही का मी कुठे आहे? आता नवीन दावा लावायचा का?

उत्तर : दादा, तुमच्या भावाचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की ऐकताना दरवेळी पोटात तुटतं. पण उत्तर असं आहे की जेल वेगळं आणि दिवाणी कोर्ट वेगळं. कैद्याला एका जेलमधून दुसरीकडे वर्ग करतात तेव्हा त्याची वॉरंटं, कागद, कैदी म्हणून असलेली नोंद हे सगळं त्याच्याबरोबर जातं, पण ते सगळं फौजदारी केसचं. त्याचा बागेचा दावा तालुक्याच्या कोर्टात चालू आहे हे जेलच्या त्या कागदांत कुठेच नसतं. तो दावा त्याचा खाजगी. त्यामुळे पत्ता बदलला हे कोर्टाला सांगायचं काम कायद्याने पक्षकारावर टाकलंय आणि पक्षकार गजाआड असला तरी ते काम सुटत नाही.

नवीन दावा लावायची घाई अजिबात करू नका, आधी हे वाचा. दावा नेमका कुठल्या नियमाखाली काढून टाकलाय त्यावर सगळं अवलंबून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ मध्ये दोन वेगळे प्रकार आहेत. तारखेला दोन्ही बाजू गैरहजर होत्या म्हणून दावा गेला असेल तर तो नियम ३, तिथे मुदतीत बसत असेल तर नवीन दावाही लावता येतो किंवा जुनाच परत उभा करता येतो. पण चुलत्यांचा वकील हजर होता आणि तुमच्या भावातर्फे कोणी नव्हतं, तर तो नियम ८, आणि तिथे त्याच कारणासाठी नवा दावा लावायला बंदी आहे, जुना दावाच पुन्हा फाइलवर घ्या म्हणून नियम ९ खाली अर्ज करावा लागतो. म्हणजे चुकून नवा दावा लावलात तर स्टॅम्प, फी, वेळ सगळं पाण्यात आणि वर इकडे उशीर आणखी वाढणार.

तेव्हा आधी कोर्टात जाऊन नकलेचा अर्ज द्या आणि रोजनाम्याची आणि शेवटच्या हुकमाची नक्कल काढा. रोजनाम्यात तारीखवार लिहिलेलं असतं कोण हजर, कोण गैरहजर, नोटीस कधी काढली, काय शेरा येऊन परत आली. आणि तो परत आलेला लिफाफा फाइलमध्येच असेल, त्याचीही नक्कल मागा, ती विसरू नका. त्यावर जर ‘बंदी अन्यत्र वर्ग’ (म्हणजे कैदी दुसरीकडे हलवला) असा काही शेरा असेल तर तुमच्या भावाच्या बाजूने त्याच्याइतका बोलका कागद दुसरा नाही, कारण त्याचा अर्थ असा की नोटीस त्याला मिळालीच नाही आणि ते फाइलवर दिसत होतं.

मुदतीचं आता. दावा परत उभा करायच्या अर्जाला मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२२ प्रमाणे दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवस मिळतात. तुमचे सात महिने झालेत, म्हणजे सोबत कलम ५ खाली उशीर माफ करा असा वेगळा अर्ज लागेल. बऱ्याच जणांना वाटतं की जेलमधला काळ मुदतीतून आपोआप वजा होतो, तसं नाहीये. कलम ६ मध्ये अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलं आणि मानसिक अक्षमता असलेल्या माणसांना सवलत आहे, कैद्याला नाही. पण कलम ५ मध्ये ‘पुरेसं कारण’ असा शब्द आहे आणि तिथे जेलबदली, वकिलाचं आजारपण, परत आलेला लिफाफा हे सगळं मांडता येतं. बदली कोणत्या तारखेला झाली याचा दाखला जेल अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून मागा, आणि त्या तारखेपासून आजपर्यंत काय काय झालं ते तारखांसकट भावाच्या प्रतिज्ञापत्रात येऊ दे. ‘मी जेलमध्ये होतो म्हणून उशीर झाला’ एवढ्या एका ओळीवर कोर्टाचं समाधान होत नाही, व्हायलाही नको, कारण समोरचाही माणूस इतके महिने खोळंबलेला असतो. वकीलपत्र काढताना वकिलांनी भावाला कळवलं होतं का आणि कोर्टाने परवानगी कधी दिली हेही रोजनाम्यात बघा, कारण कोर्टाच्या परवानगीशिवाय वकीलपत्र सुटत नाही आणि ते चालू असेपर्यंत वकिलाला दिलेली नोटीस पक्षकारालाच दिल्यासारखी धरतात.

एक कडू गोष्टही सांगते म्हणजे नंतर धक्का बसायला नको. दाव्याबरोबर आपण पत्त्याची पुरशीस (म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) देतो ना, त्यामागे ऑर्डर ६ चा नियम १४-अ आहे, १९७६ च्या दुरुस्तीने आलेला. त्यात दिलेला पत्ता हा ‘नोंदणीकृत पत्ता’ होतो आणि तो रीतसर बदलेपर्यंत सगळ्या नोटिसा त्याच पत्त्यावर गेल्या तरी चालतात, माणूस तिथे राहतोय असंच धरतात. म्हणजे चुलत्यांचा वकील उभा राहून म्हणेल, साहेब नोंदणीकृत पत्त्यावर नोटीस गेली होती, आता आमचा काय दोष. यावर तुमचं उत्तर तो लिफाफा आणि बदलीचा दाखला. म्हणून म्हणते आधी कागद, मग अर्ज.

आता पुढे परत असं होऊ नये म्हणून काय करायचं, यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळा जीव यातच आहे.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका खलाशाची केस आली होती, त्याची बोट गेली होती आणि त्याचा नुकसानभरपाईचा दावा होता. तो आत असताना दोनदा जेल बदललं. पहिल्या वेळी मी कोर्टाला कळवलं, दुसऱ्या वेळी घरचे म्हणाले ‘ताई कळवलंय आम्ही’ आणि मी विश्वास ठेवला. त्यांनी खरंच कळवलं होतं, पण काउंटरवरच्या माणसाला तोंडी. फाइलवर काहीच नव्हतं. ते कळलं तोपर्यंत दोन तारखा गेल्या होत्या आणि दावा वाचवताना माझ्या नाकी नऊ आले. तेव्हापासून माझ्या ऑफिसात नियम आहे, पोच नाही म्हणजे कळवलं नाही.

तर अर्ज असा करायचा. वर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि साल, वादी प्रतिवादीची नावं. मग जुना पत्ता काय होता, नवीन काय आहे, कोणत्या तारखेपासून. नवीन पत्त्यात जेलचं पूर्ण नाव, गाव, पिनकोड आणि बंदी क्रमांक (म्हणजे कैदी नंबर), कारण बंदी क्रमांक नसेल तर शेकडो माणसांत तुमच्या भावाच्या नावाचे चार निघतील. खाली भावाची सही आणि सत्यापन (म्हणजे वरचा मजकूर खरा आहे असं लिहून देणं), जेल अधिकाऱ्यासमोर करून घेतलेली, त्यांच्या शिक्क्यासकट. नुसतं पत्र चालत नाही, नियमात पत्ता बदलताना सत्यापित अर्ज द्या असंच आहे. एक प्रत समोरच्या वकिलाला, एक प्रत आपल्याकडे, तिच्यावर कोर्टाचा शिक्का आणि तारीख. दोन दावे असतील तर दोन अर्ज, एका फाइलमधला कागद दुसऱ्या फाइलमध्ये आपणहून जात नाही. तालुक्याचा दावा अपिलात जिल्हा कोर्टात गेला असेल तर तिथेही बघा.

भाऊ जेलमधून स्वतःही अर्ज पाठवू शकतो, अधीक्षकांमार्फत. तिथेही जावक नंबर मागून घ्यायला सांगा. १९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की निकालाची प्रत जेलकडे आली तर ती कैद्याला तातडीने द्यायची आणि त्याची लेखी पोच घ्यायची. तो निकाल फौजदारी शिक्षेच्या संदर्भातला आहे, पण त्यातली लेखी पोचेची सवय आपल्या कामाला तशीच्या तशी लागू पडते.

माझा सल्ला असा की जेलच्या पत्त्याबरोबर घरच्या एका माणसाचा पत्ता ‘मार्फत’ म्हणून जरूर द्या, आणि इथे आपल्या कोकणाची खास अडचण येते. अर्धी घरं बंद. माणसं मुंबईत, पुण्यात, घर उघडणार गणपतीत नाहीतर शिमग्याला. कोर्टाचा बेलिफ येतो, कुलूप बघतो, दारावर नोटीस डकवून जातो आणि कायद्याने तशी डकवता येते. मग जून महिन्याचा पाऊस सुरू झाला की तो कागद किती दिवस दारावर राहणार? पोस्टमन ‘घर बंद’ लिहून परत पाठवतो. म्हणून भावनेपोटी मूळ घराचा पत्ता देऊ नका, जिथे बारा महिने चूल पेटते तिथला पत्ता द्या, मग ती बहीण चिपळूणची असो की मामा डोंबिवलीचा. आणि पत्ता लिहिताना वाडी लिहा, मु.पो. लिहा, बापाचं नाव लिहा. एकाच वाडीत एकाच नावाची तीन माणसं हे आपल्याकडे काही नवल नाही.

शक्य असेल तर भावाकडून तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्रही करून घ्या, म्हणजे तारखेला हजर राहणं, अर्ज देणं ही कामं तुम्ही करू शकाल. अर्थात साक्ष त्याच्या ऐवजी तुम्ही देऊ शकणार नाही, जे फक्त त्यालाच माहीत आहे ते त्यानेच सांगायचं. त्यासाठी त्याला कोर्टात आणता येतं किंवा व्हिडीओ कॉन्फरन्सिंगने जबाब होतो.

आणि स्वतः लक्ष ठेवा. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाइलवर फुकट आहे, दाव्याचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख नंबर) टाकला की पुढची तारीख दिसते. पंधरा दिवसांनी एकदा बघायला दोन मिनिटं लागतात. तुम्हाला गणपतीत कळलेली गोष्ट फेब्रुवारीतच कळली असती दादा, हे मी दोष द्यायला नाही म्हणत, पुढच्या वेळेसाठी म्हणतेय. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ बघा, कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, दिवाणी दाव्यातही. जिल्हा कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा.

प्रश्न : मी मालवणजवळची. माझे मिस्टर शिक्षा भोगतायत. आता नणंदेने त्यांच्यावर वाटपाचा दावा लावलाय आणि बेलिफ समन्स घेऊन घरी आला होता. शेजारचे म्हणतात सही करू नको, ‘इथे राहत नाहीत’ सांगून परत पाठव, म्हणजे दावा चालणारच नाही. मी काय करू?

उत्तर : वहिनी, शेजाऱ्यांचं ऐकू नका. परत पाठवल्याने दावा थांबत नाही, उलट तुमच्या मिस्टरांना न ऐकताच चालतो आणि एकतर्फी हुकूमनामा (म्हणजे कोर्टाचा अंतिम हुकूम) होतो. बेलिफाला खरं सांगा की ते अमुक जेलमध्ये आहेत, आणि तेच लेखी लिहून कोर्टात द्या, पोच घ्या. प्रतिवादी जेलमध्ये असेल तर समन्स जेलच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचं अशी सरळ तरतूद आहे, ऑर्डर ५ नियम २४. नणंदेला भाऊ जेलमध्ये आहे हे माहीत असणारच, तरी तिने घरचा पत्ता का दिला ते तिच्या वकिलाला विचारता येईल, पण त्यावर भांडत बसू नका.

समन्स त्यांच्या हातात पडल्यावर कैफियत (म्हणजे दाव्याला लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, कोर्टाने कारण मान्य केलं तर ९० पर्यंत. जेलमध्ये कागद पोचायला, वकिलाला भेटायला, वकीलपत्रावर सही होऊन बाहेर यायला यातले बरेच दिवस जातात, तेव्हा आजच मुलाकतीची वेळ घ्या. ई-मुलाकात (व्हिडीओवरची भेट) मिळत असेल तर त्यावर निदान बोलणं होईल, सहीचा कागद मात्र प्रत्यक्ष न्यावा लागेल. समजा हुकूमनामा झालाच आणि समन्स खरंच नीट बजावलेलं नसेल, तर तो रद्द करायच्या अर्जाचे ३० दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. पण तुम्ही मुद्दाम परत पाठवलं असं निघालं तर ती वाट अवघड होऊन बसेल.

प्रश्न : चिपळूणहून लिहितोय. माझा मावसभाऊ अमेरिकेत तुरुंगात आहे. तिथल्या औषधोपचाराबद्दल त्याने वकील न लावता स्वतःच फेडरल कोर्टात दावा टाकलाय. आता त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलंय. इथून आम्ही कोर्टाला ईमेल करून पत्ता कळवला तर चालेल का?

उत्तर : तुमच्या ईमेलवर विसंबू नका. तिथे वकील नसलेल्या माणसाला प्रत्येक कागदावर स्वतः सही करावी लागते, नातेवाइकाची सही चालत नाही. त्याने एक साधा एक पानी कागद करायचा, ‘पत्ता बदलल्याची सूचना’ असा, वर केस नंबर, जुना पत्ता, नवा पत्ता, तिथला कैदी नंबर, तारीख, सही, आणि एक प्रत समोरच्या वकिलांना. जितक्या केसेस तितके कागद. प्रत्येक जिल्हा न्यायालयाचे आपापले स्थानिक नियम असतात आणि पत्ता कळवायची मुदत त्यात असू शकते, ते नियम त्याने तुरुंगाच्या लायब्ररीत बघावेत. कोर्टाचं टपाल परत आलं आणि नवा पत्ता आला नाही तर दावा चालवत नाही म्हणून काढून टाकतात, आणि कोर्टाने वेगळं म्हटलं नाही तर तसा निकाल सहसा गुणदोषांवर दिल्यासारखाच धरला जातो, म्हणजे परत लावणं कठीण.

तुरुंग बदलल्याचं तिथेही कोर्टाला आपोआप कळत नाही, हे त्याला आवर्जून सांगा. एक दिलासा आहे. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक या निकालाने तिथल्या सुप्रीम कोर्टाने वकील नसलेल्या कैद्याची अपिलाची नोटीस तुरुंग अधिकाऱ्याच्या हातात दिल्याच्या तारखेलाच दाखल झाली असं धरलं, पुढे टपालात कितीही वेळ जावो. म्हणून कागद कोणत्या तारखेला दिला हे त्याने लिहून ठेवावं. तुम्ही इथून करायचं काम एवढंच, त्याचं पत्र आलं की नवा पत्ता आणि केस नंबर वहीत टिपा आणि ‘कोर्टाला कळवलंस का’ हे उलट टपाली विचारा.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी सुटलो, आता भिवंडीत कामाला आहे. माझ्या घराच्या दाव्याचा निकाल मी आत असतानाच माझ्या बाजूने लागला. आता दावा संपला, पत्ता कळवायची गरज नाही ना?

उत्तर : आहे. नियम १४-अ प्रमाणे नोंदणीकृत पत्ता शेवटच्या निकालानंतरही दोन वर्षं धरला जातो, आणि अपील किंवा दरखास्त (म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) झाली तर नोटीस त्याच पत्त्यावर जाणार, तुमच्या बाबतीत म्हणजे जेलवर. समोरच्याने अपील केलं आणि तुम्ही हजर नसलात तर हातात आलेला निकाल जाऊ शकतो. भिवंडीची खोली भाड्याची असेल आणि अकरा महिन्यांनी बदलणार असेल तर मालकाच्या पत्त्याबरोबर गावाकडच्या पक्क्या माणसाचाही पत्ता द्या. अर्जाला सुटकेच्या कागदाची झेरॉक्स जोडा. पोस्टाने पाठवणार असाल तर आता रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टच करा आणि पावती जपून ठेवा. पण भिवंडीहून रात्रीच्या गाडीने सकाळी गावी पोचता येत असेल तर एक दिवस रजा टाका आणि स्वतः जाऊन शिक्का घेऊन या.